मेरू, किलिमांजारो आणि ताईला फोन

"मॅडम, आपका आटा गिर रहा है."

आमची ओळख या वाक्यानं झाली. याहून बरं वाक्य मी सुचवलं असतं, पण तेव्हा मला कुणी विचारलं नाही.

जबलपुरातल्या मदनमहालच्या टेकडीवर सकाळी सकाळी मी पायऱ्या चढत होते आणि माझ्या सॅकमध्ये गव्हाच्या पिठाच्या दोन मोठ्या पिशव्या होत्या. पाठीवर वजन घेऊन चढायची सवय करा, असं ट्रेकच्या कंपनीनं कळवलं होतं. घरात जे जड दिसलं ते मी उचललं. त्यातली एक पिशवी फाटली, सॅकची चेन अर्धवट उघडी राहिली, आणि खालपासून वरपर्यंत मी पांढरी रेघ ओढत आले. त्या रेघेवरून चालत एक मुलगा माझ्या मागोमाग वर आला होता.

उंच होता, सावळा होता, आणि हसू दाबायचा प्रयत्न त्याला अजिबात जमत नव्हता. त्याच्याही पाठीवर सॅक होती, पण ती चमत्कारिक चौकोनी दिसत होती.

"और आपके में क्या है?" मी विचारलं.

त्यानं सॅक उतरवून उघडली. आत टॉवेलात गुंडाळलेल्या विटा होत्या.

"टांझानिया जा रहा हूँ," तो जरा लाजून म्हणाला. "दो पहाड़ हैं वहाँ… मेरू और किलिमांजारो. उसी की प्रॅक्टिस."

मी पायरीवर बसले. कारण मीही तिथंच चालले होते. त्याच भोपाळच्या कंपनीबरोबर, त्याच तुकडीत.

"मला वाटलं, जबलपुरातून मी एकटाच वेडा आहे," तो म्हणाला.

"आता दोन झाले," मी म्हणाले.

आता एक सांगून ठेवते. हे सगळं आम्ही हिंदीत बोलत होतो. पुढचंही बरंचसं हिंदीतच झालं. मी ते मराठीत सांगणार आहे, नाहीतर निम्मी गोष्ट हिंदीतच होईल. पण तो जिथं खरोखर मराठीत बोलला तिथं मी तसं सांगेन, कारण सगळा घोळ तिथंच झाला.

त्यानं नाव सांगितलं, तनय पंडित. मी सांगितलं, रोशनी चौधरी. पंडित म्हणजे कुणीतरी उत्तरेकडचे, असं मी धरलं. चौधरी म्हणजे इथलेच, असं त्यानं धरलं. जबलपुरात कुणीही हेच धरेल. आम्ही मूळचे वर्ध्याकडचे. माझे आजोबा खमरियाच्या कारखान्यात लागले आणि इथलेच होऊन गेले. घराच्या आत मराठी आणि उंबरठ्याबाहेर हिंदी, ही आमच्याकडची रीत. माझी आई भाजीवाल्याशी हिंदीत घासाघीस करते आणि त्याच दमात वळून मला मराठीत रागावते.

एवढ्यात त्याचा फोन वाजला.

"हां ताई," तो म्हणाला, आणि मग माझ्यापासून दोन पायऱ्यांवर उभा राहून, माझ्याकडे बघत, अगदी निवांत आवाजात मराठीत म्हणाला, "टेकडीवर आहे ना. एक मुलगी भेटली. पीठ सांडत सांडत चढून राहिली… नाही, वेडी नाही वाटत. दिसायला चांगली आहे. पण बोलते अशी, जशी का मास्तरीण."

मी खरंच मास्तरीण आहे. रांझीच्या एका शाळेत भूगोल शिकवते.

तेव्हाच मी म्हणायला हवं होतं, की अहो पंडित, मला कळतं. तोंड उघडलंही. पण त्यानं म्हटलं होतं, दिसायला चांगली आहे. एखाद्या मुलानं माझ्याबद्दल खरं काय वाटतं ते मला असं फुकटात ऐकवलं नव्हतं कधी. पुढं काय म्हणतो ते ऐकू, मग सांगू, असा विचार करून मी तोंड मिटलं.

त्यानंतर आम्ही दर रविवारी टेकडीवर भेटायला लागलो. तो रिछाईतल्या एका कारखान्यात यंत्रं दुरुस्त करायचा. त्याची ताई, सुमेधा, शहपुऱ्याला दिलेली. त्याला कुठलीही गोष्ट ताईला सांगितल्याशिवाय पचायची नाही. दर रविवारी वर पोचलो की फोन व्हायचा, आणि मी शेजारी बसून बाटलीतलं पाणी पीत दूरवर बघत राहायचे.

"आली ना. तीच, पीठवाली," एका रविवारी तो ताईला मराठीत सांगत होता. "आज केस मोकळे सोडून आली. डोंगर चढायला केस मोकळे कोण सोडते, ताई? पण… छान दिसून राहिली."

पुढच्या रविवारी मी केस मोकळेच सोडले. दोनदा झुडपात अडकले, पण सोडले.

"तुम्हाला जायचं कशासाठी आहे?" त्यानं एकदा विचारलं. "लोक काश्मीरला जातात."

"मी सात वर्षं फळ्यावर ज्वालामुखी काढतेय," मी म्हणाले. "मधोमध नळी, वर तोंड, लाल खडूनं लाव्हा. एकदा एका मुलीनं विचारलं, मॅडम, तुम्ही पाहिलाय का? मी म्हटलं, गप बस, आणि आकृती काढून घे. तेव्हापासून डोक्यात आहे. आणि तुम्ही?"

"मी रोज यंत्रं वाकून बघतो," तो म्हणाला. "एकदा मान वर करून काहीतरी बघावं म्हटलं."

मला तो आवडला. ते नेमकं त्या वाक्याला झालं की त्याआधीच, ते सांगता येणार नाही, पण त्या दिवशी घरी जाऊन मी आईला उगाचच मिठी मारली आणि आईनं माझा ताप पाहिला.

विमानात त्यानं सहज विचारलं, "तुमच्या घरी काय बोलतात? बुंदेली?"

याहून सरळ संधी देवानंही दिली नसती. आणि मी काय म्हणाले? "मिली-जुली." म्हणून खिडकीकडे तोंड फिरवलं. आता सांगितलं असतं तर एवढे दिवस का नाही सांगितलं, हा प्रश्न आला असता, आणि त्याचं उत्तर माझ्याकडे होतं पण ते देण्यासारखं नव्हतं.

आधी मेरू, मग किलिमांजारो, असा बेत होता. मेरू कमी उंच; तिथं विरळ हवेची सवय करायची आणि मग मोठ्या डोंगराला हात घालायचा. दोन्ही ज्वालामुखीचे डोंगर. आमचा गाईड तिथलाच होता, गॉडलिसन नावाचा, हसरा आणि कडक. त्याचं पहिलं वाक्य होतं, "पोले पोले." म्हणजे हळू हळू. दुसरं वाक्य होतं, "मला खोटं सांगायचं नाही."

रोज संध्याकाळी तो प्रत्येकाच्या बोटाला ते चिमट्यासारखं यंत्र लावायचा, रक्तातला प्राणवायू बघायचा आणि विचारायचा: डोकं दुखतं? उलटी? भूक लागली? उंचीवर माणसाच्या मेंदूला सूज येऊ शकते, हे त्यानं आम्हाला न घाबरवता सांगितलं. डोकं ठणकतं, उलट्या होतात, मग माणूस पिऊन आल्यासारखा चालायला लागतो. त्यावर औषध एकच, लगेच खाली उतरणं. "यंत्र सगळं सांगत नाही," तो म्हणाला. "तुम्ही सांगितलं तरच मला कळतं."

मेरूच्या पायथ्याशी रानम्हशी असतात म्हणून बरोबर बंदूकधारी रक्षक होता. जिराफ तर रस्त्याच्या कडेला गाईंसारखे उभे होते. मी पहिला जिराफ पाहिला आणि का कुणास ठाऊक, डोळ्यांत पाणी आलं. मग जंगल लागलं… ओलं, दाट, फांद्याफांद्यांवरून शेवाळ लोंबतंय, आणि पाऊस नसतानाही पानांवरून टपटप थेंब पडतायत. एक थेंब माझ्या मानेवर पडला आणि मी किंचाळले.

"भूगोलाच्या पुस्तकात हे नव्हतं का?" मागून तनय म्हणाला.

"पुस्तकातला पाऊस मानेवर पडत नाही."

"मग टोपी घाला. ही घ्या." त्यानं स्वतःची टोपी माझ्या डोक्यावर ठेवली आणि ती नीट बसली की नाही हे बघण्यात गरजेपेक्षा जास्त वेळ घेतला. मीही गरजेपेक्षा जास्त वेळ मान स्थिर ठेवली.

वरच्या लाकडी झोपड्यांच्या मुक्कामावर चहाबरोबर पॉपकॉर्न मिळाले. तिथं फोनला रेंज होती. तनयनं माझ्यासमोर बसूनच ताईला फोन लावला.

"मजेत आहे ना, ताई. ती? ती समोर बसून खाऊन राहिली. आज जिराफाला पाहून रडली." मग तो थांबला. मराठीत, आवाज जरासा उतरवून म्हणाला, "ताई… मला आवडून राहिली ती. खरंच. हसू नको बे. सांगून देऊ का तिला?… नाही, आत्ता नाही. किलिमांजारोच्या वर पोचलो का सांगतो. एकदम टोकावर. नाही म्हणाली तर निदान तिथून डोंगर तर दिसते."

माझ्या घशात पॉपकॉर्न अडकला. मी खोकायला लागले, कान तापले.

"क्या हुआ?" तो घाबरून म्हणाला.

"मिर्ची लगी," मी म्हणाले.

पॉपकॉर्नमध्ये मिरची नव्हती. त्यानं एक तोंडात टाकून पाहिला, माझ्याकडे बघितलं आणि मुकाट्यानं पाण्याची बाटली पुढं केली.

दुसऱ्या पहाटे आम्ही मेरूच्या माथ्यावर पोचलो. एका बाजूनं डोंगराची अख्खी भिंत कोसळलेली, आणि खाली त्या खोलगट भागात राखेचा एक स्वच्छ शंकू, मी सात वर्षं फळ्यावर काढलेला, पण काळा आणि खरा. पलीकडं ढगांच्या वर किलिमांजारो दिसत होता. मी बोलत सुटले. राख कशी साचते, भिंत का ढासळली, लाव्हा कुठून आला असेल… तनय सगळं ऐकत होता. उतरताना एका अरुंद खडकावर त्यानं हात पुढं केला. मी धरला. खडक संपला तरी कुणीच सोडला नाही. गॉडलिसननं मागं वळून पाहिलं आणि पुढं बघत म्हणाला, "पोले पोले."

मला तेव्हाच माझा होकार देऊन टाकायचा होता. पण ज्याचा प्रश्न अजून विचारलेलाच नाही, त्याचं उत्तर कसं देणार? म्हणून मीही किलिमांजारोच्या टोकाची वाट बघायला लागले. त्याच्याइतकीच… कदाचित त्याच्याहून जास्त.

किलिमांजारो मेरूसारखा अंगावर येत नाही. तो लांबवर पसरलेला आहे. आधी जंगल, मग खुरटी झुडपं, मग नुसतं माळरान. वाटेत खांबावर कोबी ठेवल्यासारखी झाडं. पहिले दोन मुक्काम मजेत गेले. तनय मला चिडवत होता, मी त्याला चिडवत होते, आणि तुकडीतल्या भोपाळ-रायपूरच्या मंडळींनी आमच्या शेजारी बसायचंच सोडून दिलं होतं.

शेवटच्या मुक्कामाकडं जाताना मात्र तो गप्प झाला. झाडं संपली होती. दगड, धूळ आणि वारा. मी दोनदा काहीतरी विचारलं, त्यानं मान हलवली. दुपारी जेवणाच्या टेबलावर त्यानं सूप चमच्यानं नुसतं ढवळलं. गॉडलिसननं बोटाला यंत्र लावलं. आकडा फार चांगला नव्हता, फार वाईटही नव्हता.

"डोकं?"

"ठीक आहे," तनय म्हणाला.

"उलटी?"

"नाही."

गॉडलिसननं त्याच्याकडं क्षणभर पाहिलं आणि पुढच्या माणसाकडं वळला. त्या रात्री माथ्यासाठी निघायचं होतं.

मी पाणी भरायला बाहेर गेले. झोपडीमागं एका मोठ्या दगडापाशी तनय उभा होता. तिथंच तेवढी रेंज येत होती. त्यानं मला पाहिलं, हात केला आणि बोलत राहिला. माझ्यासमोर बोलायला त्याला कधीच अडचण नव्हती.

"डोकं फुटून राहिलं, ताई," तो मराठीत म्हणत होता. "सकाळपासून दोनदा उलटी झाली. नाही, गाईडला नाही सांगितलं. सांगितलं तर तो खाली पाठवून देईन… अगं रडू नको. एक रात्रीचा तर प्रश्न आहे. वर जातो, तिला सांगतो, मग उतरतोच ना खाली. आईला सांगू नको. तुला माझी शपथ."

फोन ठेवून त्यानं माझ्या हातातली बाटली घेतली, माझ्यासाठी भरून द्यायला. पाणी बाटलीत पडलंच नाही. त्याच्या बुटावर पडलं. तो ते बघत राहिला, जणू बूट दुसऱ्याच कुणाचा आहे.

"ठंड से हाथ सुन्न है," तो म्हणाला आणि हसला.

तो आत गेला आणि मी तिथंच उभी राहिले. गप्प राहिले असते तर उद्या सकाळी आफ्रिकेच्या सगळ्यात उंच टोकावर एक मुलगा मला ते सांगणार होता, जे ऐकायची मी कित्येक दिवस वाट बघत होते. किंवा मध्येच कुठंतरी अंधारात तो खाली बसला असता आणि उठला नसता. आणि मी सांगितलं, तर तो विचारणार, तुला कसं कळलं? मग सगळंच बाहेर येणार. केस, जिराफ, टोक, सगळं. तो मला पुन्हा तोंड दाखवणार नाही, अशी माझी खात्री होती.

मला रडू आलं. मग मी नाक पुसलं आणि गॉडलिसनकडं गेले.

तो लगेच उठला. त्यानं तनयला बाहेर बोलावलं, धुळीत काठीनं एक सरळ रेघ ओढली आणि म्हणाला, टाचेला बोटं लावत चाल. तनयनं तीन पावलं टाकली. चौथ्याला तो बाजूला गेला. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा गेला. गॉडलिसननं त्याचा दंड धरला.

"खाली," तो म्हणाला. "आत्ता. उजेड आहे तोवर."

"मी ठीक आहे."

"नाहीस. उलट्याही झाल्यात."

"कुणी सांगितलं?"

गॉडलिसननं मदतनीस गाईडला हाक मारली. चांगला गाईड असं नाव सांगत नाही. मी शेजारीच उभी होते. गप्प राहायची तेवढी एक शेवटची सोय मला मिळाली होती.

"मी सांगितलं," मी मराठीत म्हणाले. "दोनदा उलटी झाली, डोकं फुटून राहिलं, असं तू ताईला सांगितलंस ना? तेच सांगितलं."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. आधी त्याला काही कळलंच नाही. मग कळलं, आणि त्याचा चेहरा उतरत गेला तो मला बघवेना.

"तुला… मराठी येते?"

"चौधरी आहोत आम्ही. वर्ध्याचे. घरी मराठीच बोलतो."

"कधीपासून ऐकून राहिली?"

"पहिल्या दिवसापासून. पीठ सांडलं तेव्हापासून."

त्यानं मान फिरवली. ओरडला असता तर बरं वाटलं असतं. मदतनीस गाईडनं त्याची सॅक उचलली, त्याच्या कमरेला हात घातला आणि दोघं उतरायला लागले. त्या उघड्या मैदानावर ते बराच वेळ दिसत होते. तनयनं वळून पाहिलं नाही.

मी मात्र वर गेले. मलाही वाटलं होतं की त्याच्याबरोबर उतरावं, पण गॉडलिसन म्हणाला, "तू बरी आहेस. तुझं त्याच्याजवळ आत्ता काही काम नाही." खरं होतं. रात्रभर भुसभुशीत राखेतून चढलो. पाऊल टाकायचं, अर्धं मागं घसरायचं. उजाडताना माथ्यावर पोचलो. वितळत चाललेल्या हिमनद्या पाहिल्या, ज्वालामुखीचं रुंद तोंड पाहिलं, मुलींना दाखवायला फोटो काढले. मला खूप आनंद झाला, हे खोटं सांगणार नाही. आणि त्या आनंदात मी सवयीनं शेजारी बघितलं, तर तिथं रायपूरचे एक काका उभे होते.

त्याच दिवशी दुपारी आम्ही खालच्या मुक्कामावर उतरलो. उन्हात लाकडी बाक होता आणि त्यावर तनय बसला होता. हातात चहाचा कप होता. चेहऱ्यावर रंग आला होता. मला बघून तो उठला नाही, पण आतही गेला नाही.

मी समोर उभी राहिले. बूट राखेनं भरले होते, नाक उन्हानं सोललं होतं.

"डोकं कसं आहे?" मी विचारलं. मराठीतच.

"थांबलं. अर्ध्या वाटेतच थांबलं." मग म्हणाला, "गॉडलिसनचा माणूस म्हणाला, वर गेलो असतो तर परत आलो नसतो कदाचित."

"हं."

"मला राग आहे, रोशनी."

"असू दे."

"खाली पाठवलं त्याचा नाही. ते बरोबर केलं तू. ताई तर तुझं नाव घेऊन रडून राहिली, देवाला नारळ फोडते म्हणे. पण बाकीचं… मी किती काय काय बोललो. केसांचं बोललो. तू शेजारी बसून सारं ऐकत होती. मी मूर्ख दिसत असेन ना?"

"नाही," मी म्हणाले. "पहिल्यांदा गंमत वाटली म्हणून गप्प बसले. मग ऐकायची सवय लागली. तू फोन केला नाहीस तर मला करमायचं नाही. नंतर भीती वाटली, की कळलं तर तू बोलणं बंद करशील. म्हणून गप्प राहिले. ते चुकलंच."

"तुला सारं फुकटात कळलं," तो म्हणाला. "मला काय कळलं तुझं? काहीच नाही."

हे मात्र माझ्या वर्मी लागलं. कारण ते खरं होतं. महिनोन् महिने मी त्याचं मन शेजारी बसून ऐकलं होतं आणि माझं कुणालाच सांगितलं नव्हतं. ताईला नाही, आईला नाही, त्याला तर नाहीच. जबलपुरात आम्ही भांडतो मराठीत, रडतो मराठीत, पण अशा गोष्टी कॉलेजपासून हिंदीतच ऐकलेल्या. त्यामुळं मराठीत कसं म्हणायचं असतं, ते मला ठाऊकच नव्हतं. तरी मी सुरुवात केली.

"मग ऐक. मला तू आवडतोस. विटा घेऊन आलास ना, तेव्हा नाही. तेव्हा मला तू खुळा वाटलास. मान वर करून बघावं म्हटलं, असं म्हणालास, तेव्हापासून. तू केस छान आहेत म्हणालास म्हणून मी केस सोडून यायचे. मेरूवर हात सोडला नाहीस, मीही मुद्दाम नाही सोडला. आणि काल… काल मला वाटलं, तू मला काही सांगितलं नाहीस तरी चालेल, जन्मभर बोलला नाहीस तरी चालेल, पण तू मरता कामा नये. म्हणून सांगितलं गाईडला. बस. एवढंच आहे माझ्याकडं."

त्यानं कपातला गार झालेला चहा संपवला. खाली ढग पसरले होते, आमच्या पायांच्याही खाली. आत कुणीतरी भांडी आपटत होतं.

"एवढं तर मी ताईलाही नव्हतं सांगितलं," तो शेवटी म्हणाला.

"मला माहीत आहे. मी ऐकलंय ना."

आता तो हसला. पहिल्या दिवशीसारखं, दाबता न येणारं. मग बाकावर थोडा सरकला. मी बसले. त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागला आणि दोघांनीही तो तिथंच राहू दिला.

"ताई विचारून राहिली होती," तो म्हणाला. "काय सांगू तिला?"

"सांग, ती हो म्हणाली."

"पण मी तर अजून विचारलंच नाही."

"मग विचार ना. काहून थांबून राहिला?"

त्यानं चहाचा कप खाली ठेवला, घसा खाकरला, एकदा हिंदीत सुरुवात करून थांबला, आणि मग माझ्याकडं बघत, अडखळत, मराठीत विचारलं.